घरातले उंदीर: सात आठवड्यांच्या नोंदी

४ नोव्हेंबर

आई चार दिवस सांगतेय, "रात्री स्वयंपाकघरात खुडबुड होते." मी चार दिवस म्हणतोय, "फ्रिजचा आवाज असेल." आज सिंकखालचं कपाट उघडलं तर साबणाच्या वडीचा कोपरा कुरतडलेला आणि मागच्या कडेला लेंड्या. "फ्रिज लेंड्या टाकतो का रे?" एवढंच आई म्हणाली आणि चहा गाळायला वळली.

नोंद ठेवायचं कारण आधी लिहून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी असाच एक उंदीर पिंजऱ्यात सापडला आणि आम्ही विषय मिटला असं समजलो. तीन महिन्यांनी पुन्हा तेच सुरू झालं. तेव्हा पिंजरा कुठे ठेवला होता, कोणती फट बुजवली होती, कशाचाच पत्ता नव्हता. या वेळी सगळं तारखेनिशी.

लेंड्या मोजल्या, ६३ भरल्या. आकडा पाहून पोटात गोळा आला. पण एक घरउंदीर दिवसाला ५० ते ७५ लेंड्या टाकतो, म्हणजे एवढ्यावरून उंदीर किती हे काही कळत नाही. आकारावरून मात्र कळतं. लांबी ३ ते ६ मिमी, टोकं निमुळती. म्हणजे हा लहान घरउंदीर. मोठ्या उंदराच्या लेंड्या १२ ते २० मिमीच्या असतात, आणि त्याचा स्वभाव, सापळा, शिरण्याची भोकं, सगळंच वेगळं.

५ नोव्हेंबर

आज साफसफाई. पहिली चूक टळली ती आईमुळे नाही, वाचल्यामुळे: आई झाडू घेऊन तयारच होती. वाळलेल्या लेंड्या आणि मूत्र झाडलं की धूळ उडते आणि ती श्वासातून आत जाते. उंदरांमधून येणारे काही विषाणू असेच पसरतात. व्हॅक्यूम क्लीनरही नको.

आधी खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवल्या. रबरी हातमोजे घातले. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, हे मिश्रण लेंड्यांवर फवारून पाच मिनिटं भिजू दिलं, मग कागदी टॉवेलने टिपून दोन पिशव्यांमध्ये बांधून टाकलं. त्यानंतर फरशी त्याच पाण्याने पुसली. (ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा दुसरं काहीही मिसळू नये, विषारी वायू होतो.)

स्वच्छतेचा खरा फायदा उद्या कळेल. आता जी लेंडी दिसेल ती नवी, आणि जिथे दिसेल तिथे उंदीर सध्या फिरतोय.

६ नोव्हेंबर

रात्री झोपताना पाच ठिकाणी टाल्कम पावडरचा पातळ थर पसरला: सिंकखाली, फ्रिजच्या बाजूला, ओट्याच्या कोपऱ्यात, दाराजवळ, धान्याच्या कपाटासमोर. कणीक मुद्दामच वापरली नाही, ती म्हणजे पंगतच.

सकाळी गुडघ्यावर बसून टॉर्च जमिनीलगत आडवा धरला. असा धरला की ठशांची सावली पडते आणि वरून जे दिसत नाही ते दिसतं. पुढच्या पायांना चार बोटं, मागच्यांना पाच, आणि मधून शेपटीची बारीक रेघ, पेन्सिल हलकी ओढल्यासारखी. सिंकखाली आणि फ्रिजशेजारी ठसेच ठसे. दाराजवळ काहीही नाही. धान्याच्या कपाटासमोर दोन फेऱ्या. सगळे ठसे भिंतीला चिकटून. मोकळ्या फरशीवरून एकही गेलेला नाही.

घरउंदीर आपल्या घरट्यापासून फार लांब जात नाही, साधारण ३ ते १० मीटर. म्हणजे घरटं याच खोलीत किंवा तिच्या भिंतीपलीकडे.

७ नोव्हेंबर

खाणं बंद. पिशव्यांमधलं सगळं घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा धातूच्या डब्यांत. पातळ प्लास्टिक तो कुरतडतो. कचऱ्याच्या डब्याला झाकण, रात्री ओटा कोरडा.

याने उंदीर उपाशी मरेल अशा भ्रमात नाही. दिवसाला ३ ग्रॅमच्या आसपास खाणं त्याला पुरतं आणि पाणी बरंचसं खाण्यातूनच मिळतं. ओट्यामागे पडलेला चुरा त्याला बास. पण बाकीचं खाणं आवरलं की सापळ्यातल्या आमिषाला किंमत येते. काम एवढंच.

८ नोव्हेंबर

ताईने प्लगमध्ये लावायचं यंत्र पाठवलं. आपल्याला ऐकू न येणारा आवाज काढून उंदीर पळवून लावतं म्हणे. मी नाक मुरडलं तर फोनवर म्हणाली, "अरे, लावून तर बघ, तुझं काय जातंय?" लावलं. समोर पावडर पसरली.

९ नोव्हेंबर

यंत्रापासून वीतभर अंतरावर ठसे. एक तर यंत्राच्या बरोबर खालून गेलाय. असा आवाज भिंतीतून किंवा सामानाच्या पलीकडे जात नाही, आणि समोर असला तरी उंदीर त्याला सरावतो. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ मध्येच ६० हून अधिक उत्पादकांना आणि विक्रेत्यांना, दाव्यांना शास्त्रीय आधार हवा, अशी ताकीद दिली होती. ताईला पावडरीचा फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला. तो वरचा होता की खालचा हे फोनच्या छोट्या पडद्यावर कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

१० नोव्हेंबर

काल चापाचे सहा सापळे आणले. लाकडी पट्टी, स्प्रिंग, आडवी तार. या रचनेचं पेटंट विल्यम हुकर यांनी १८९४ मध्ये अमेरिकेत घेतलं. सव्वाशे वर्षांत तिच्यात फारसं काही बदललेलं नाही, आणि मला हे आश्वासक वाटतं.

चिकट पुठ्ठे आणले नाहीत. त्यावर अडकलेला उंदीर तासन् तास जिवंत तडफडतो आणि मग शेवटी आपल्यालाच काहीतरी करावं लागतं. पिंजऱ्याचाही विचार केला. पण पकडून जवळ सोडला तर परत येतो, लांब सोडला तर अनोळखी जागी बहुतेक वेळा टिकत नाही. पिंजरा लावणाऱ्याचं मन शांत राहतं, उंदराचं काय होतं ते त्याला दिसत नाही इतकंच. हे माझं मत. आईचं मत पिंजऱ्याच्या बाजूने आहे.

काल रात्रीचा निकाल: सहापैकी चार सापळ्यांतलं चीज गायब, एकही चाप सुटलेला नाही. दोन चुका केल्या. चीजचे मोठे तुकडे नुसते ठेवले होते, ते अलगद उचलून नेले. आणि सापळे भिंतीला समांतर ठेवले होते, तेही भिंतीपासून चार बोटं लांब.

आज बदललं. मसुरीच्या दाण्याएवढं पीनट बटर, आमिषाच्या पत्र्यात दाबून भरलेलं, म्हणजे चाटायला जोर लावावा लागेल. सापळा भिंतीशी काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीला टेकलेलं, म्हणजे कडेकडेने येणारा कोणत्याही बाजूने आला तरी तोंड तिथेच. सगळे सापळे ठशांच्या वाटेवर, दाराजवळ एकही नाही.

११ नोव्हेंबर

दोन. एक सिंकखाली, एक फ्रिजजवळ. दोन्ही पूर्ण वाढलेले घरउंदीर. चाप मानेवर बसलाय, लगेच गेले असावेत. हातमोजे, ब्लीचचं पाणी, पाच मिनिटं, दोन पिशव्या. आई बाहेर जाऊन बसली होती. आत आल्यावर "किती होते?" एवढंच विचारलं.

मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, घरउंदीर बिचकत नाही, उलट लगेच हुंगायला येतो. म्हणून पहिल्या एक-दोन रात्रींत सगळ्यात जास्त सापडतात. सापळे एकदम आणि भरपूर लावायचे ते याचसाठी. एक सापळा आठवडाभर ठेवण्यापेक्षा सहा सापळे एका रात्रीत.

१३ नोव्हेंबर

तिसरा. नर. काल काही नव्हतं.

शेजारच्या काकांनी विषाची वडी देऊ केली. नको म्हटलं, आणि कारण त्यांना नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्या-वड्या रक्त गोठू न देणाऱ्या असतात. त्या शरीरातलं व्हिटॅमिन के वापरू देत नाहीत. उंदीर मरायला काही दिवस लागतात आणि तोवर तो फिरत राहतो, शेवटी मरतो भिंतीत किंवा कपाटामागे, आणि मग तो वास आठवडेच्या आठवडे. वर त्या अवस्थेतला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर विष त्यांच्याही पोटात. झिंक फॉस्फाइडची काळपट पूड त्याहून वाईट. पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. मुलं, पाळीव जनावरं येतात-जातात अशा घरात मी हे ठेवणार नाही.

काका म्हणाले, "मग तू उंदरांना पत्र लिही, निघून जा म्हणून."

१६ नोव्हेंबर

तीन रात्री सापळे रिकामे. आता भोक शोधायचं. हे काम मी पहिल्याच दिवशी सुरू करायला हवं होतं, पण सापळे लावण्यात जो थरार आहे तो सिमेंट कालवण्यात नाही.

मोजमाप: ६ मिमीच्या फटीतून घरउंदीर आत येतो. डोकं शिरलं की अंग शिरतं. साध्या पेन्सिलची जाडी ७ मिमीच्या आसपास असते. म्हणून पेन्सिल खिशात घालून फिरलो, जिथे पेन्सिल गेली तिथे खडूने फुली. स्वयंपाकघरात एकट्या ११ फुल्या झाल्या. मागच्या दाराखालची फट ९ मिमी. झरोक्यावरची प्लास्टिकची जाळी एका कोपऱ्यात सुटलेली. गॅसच्या नळीचं भोक. आणि मी इतकी वर्षं या घरात कोणत्या विश्वासाने झोपत होतो!

पण ११ पैकी वापरातलं कोणतं? दाराजवळ ठसे नव्हते, म्हणजे दार नाही.

१८ नोव्हेंबर

सापडलं. रात्री स्वयंपाकघरातले दिवे बंद केले, आई टॉर्च घेऊन सिंकखालच्या कपाटाशी बसली आणि मी बाहेरच्या भिंतीपाशी. ती आतून उजेड टाकत एकेका कोपऱ्यात सरकत होती.

"दिसतंय का रे?"

"नाही."

"आता?"

"नाही. जरा खाली."

"कंबर आहे ती माझी, लिफ्ट नाही."

आणि मग सांडपाण्याचा पाइप भिंतीतून बाहेर येतो तिथे, पाइपच्या खालच्या बाजूला, चंद्रकोरीसारखी उजेडाची पातळ कड दिसली.

आत येऊन पाइपवरची स्टीलची चकती मागे ओढली. बाहेरून नेटकी दिसणारी ती चकती, तिच्यामागे पाइपच्या दुप्पट मोठं भोक. कुणीतरी भिंत फोडून पाइप घातला, चकती चढवली आणि निघून गेला. भोकाच्या खालच्या ओठावर काळपट तेलकट पट्टा, बोट लावलं तर गुळगुळीत. उंदराच्या अंगाचं तेल आणि मळ, रोज त्याच जागी घासून घासून बसलेला. चार केस चिकटलेले. टिश्यू पेपरची पट्टी समोर धरली तर बाहेरच्या हवेने हलत होती.

संस्कृतमध्ये मुष् म्हणजे चोरणे, त्यावरून मूषक. हे शाळेत पाठ केलं होतं. चोराची वाट एवढी झिजलेली असते हे आज पाहिलं.

१९ नोव्हेंबर

भोक फेसाने भरलं. डबा हलवा, दाबा, फुगतो, वाळतो. दहा मिनिटांचं काम. स्वतःवर खूश.

२१ नोव्हेंबर

फेसात आरपार बोगदा. कपाटात पिवळा भुगा. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं, आणि मी त्याला मऊ पाव भरवला. फेस हवा अडवतो, दात अडवत नाही.

२३ नोव्हेंबर

नीट केलं. फेस खरवडून काढला. स्टेनलेस स्टीलची तारेची लोकर, साधी नव्हे कारण ओल असलेल्या जागी ती गंजून वर्षभरात भुगा होते, स्क्रूड्रायव्हरने कोंबून कोंबून भरली. दोन्ही बाजूंनी सिमेंटचा लेप. वाळल्यावर चकती परत.

बाकीच्या फुल्या: झरोक्याला ६ मिमीहून बारीक छिद्रांची तारेची जाळी, दाराखाली ॲल्युमिनियमची पट्टी आणि तिच्यात ब्रश, गॅसच्या नळीभोवती लोकर आणि सिमेंट. दुपार गेली. कंबर गेली.

२८ नोव्हेंबर

पाच रात्री पावडर कोरी. सापळे उचलून माळ्यावर टाकले. ताईला कळवलं.

५ डिसेंबर

घात.

धान्याच्या कपाटासमोर लेंड्या, पण अगदी बारीक, ३ मिमीच्या आतबाहेर. सापळे परत लावले. दोनांतलं आमिष चाटून साफ, चाप तसेच. तिसऱ्यात एक पिल्लू. छोट्या काट्यावर पिशवीत घालून वजन केलं: ८ ग्रॅम. (तो काटा आता स्वयंपाकघरात परत यायचा नाही, असा आईचा हुकूम. मान्य.)

मोठा घरउंदीर १२ ते ३० ग्रॅमचा असतो. ८ ग्रॅम म्हणजे नुकतंच आईचं दूध सुटलेलं, तीन आठवड्यांच्या आसपासचं पिल्लू. म्हणजे जन्म १२-१३ नोव्हेंबरचा. तोवर दोन उंदीर सापडले होते आणि तिसरा नर होता. पहिल्या दोघांत या पिल्लांची आई असती तर पिल्लं जन्मालाच आली नसती. म्हणजे आई सापडलेली नाही. ती इथेच आहे. आणि २३ तारखेला बाहेरची वाट मी स्वतः सिमेंटने बंद केली, म्हणजे तिला आणि तिच्या पिल्लांना मीच घरात कोंडलं.

भोक बुजवणं चूक नव्हतं, ते करायलाच हवं होतं. पाच कोऱ्या रात्रींवर भरवसा ठेवून सापळे उचलले, ते चुकलं. पिल्लांना पाजणारी मादी घरट्याजवळच घुटमळते, आणि माझ्या पावडरीचे पाच पट्टे ती जिथे नव्हती तिथे होते.

आणखी एक हिशोब, न टाळता येणारा. सहा आठवड्यांचं झालं की पिल्लू स्वतः विण्याच्या वयाचं. १२ नोव्हेंबर अधिक सहा आठवडे, २४ डिसेंबर. पोटात राहण्याचा काळ १९ ते २१ दिवस, एका वेळी पाच-सहा किंवा जास्तच. आईला मी म्हटलं, "२४ तारखेच्या आत संपवायचंय." ती म्हणाली, "तू परीक्षेचाही अभ्यास असाच तारखा लावून करायचास, आणि आदल्या रात्री बसायचास."

६ डिसेंबर

फ्रिज बाहेर ओढला. हे महिनाभरापूर्वी करायला हवं होतं, ठसे तिथेच जास्त होते. मागे खाली, कॉम्प्रेसरशेजारच्या खोबणीत घरटं. गोल, मुठीएवढं, कापसासारखं मऊ. कशाचं म्हणाल तर फ्रिजच्याच माहितीपुस्तिकेचं. मी ती मागे खोचून ठेवली होती. पट्ट्या इतक्या बारीक की एकेक अक्षर सुटं झालेलं, फक्त एका तुकड्यावर "वॉरंटी" शाबूत. मध्ये खळगा, त्याला अजून ऊब, पण ती कॉम्प्रेसरची की कुणाची ते कळेना. रिकामं होतं. तिथून निघणाऱ्या वायरवर दातांच्या खुणा, वरचं आवरण गेलेलं, तांबं उघडं पडायचं बाकी. वायर बदलल्याशिवाय फ्रिज लावायचा नाही.

घरटं ब्लीचने भिजवून काढलं. सापळ्यांचे चाप हलके केले. आमिषावर दोऱ्याचे दोन वेढे बांधून वर पीनट बटर लावलं, म्हणजे हलक्या पिल्लालाही ओढावं लागेल.

७ डिसेंबर

दोन पिल्लं.

८ डिसेंबर

एक. आईने आज विचारलं नाही.

११ डिसेंबर

आई सापडत नव्हती, म्हणजे उंदरांची. पीनट बटरला तीन रात्री तोंड लावलं नाही. मग सुचलं: हिचं घरटं मी मोडलंय. तिला या घडीला खाण्यापेक्षा कापूस जास्त हवा असेल. दोन सापळ्यांच्या पत्र्याला कापसाचा पुंजका घट्ट बांधला, खाणं काहीच नाही.

सकाळी सापडली. २१ ग्रॅम. कापसाचे धागे दातांत होते.

एकूण: मोठे ४, पिल्लं ४.

१२ ते २० डिसेंबर

सापळे जागेवरच. या वेळी माळ्यावर नाही. पावडर नऊ ठिकाणी, त्यातली तीन फ्रिजमागे. रोज सकाळी पाहिलं, रोज कोरी. सिंकखालचा सिमेंटचा लेप तपासला, दातांची खूण नाही. १७ तारखेला काका विचारून गेले, पत्राचं उत्तर आलं का.

२१ डिसेंबर

सकाळी सहा वाजता टॉर्च आडवा धरून गुडघ्यावर. आठ ठिकाणी काही नाही. फ्रिजसमोरच्या पट्ट्यात मात्र एक मोठा ठसा, स्पष्ट, टाचेकडे खोल.

आईची चप्पल. रात्री पाणी प्यायला उठली होती.